बाहेरून लावलेली कडी

माझी आई पहिल्यांदा एकटीनं एसटीत बसली तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. राळेगावच्या स्टँडवर कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला विचारून तिनं यवतमाळची गाडी धरली आणि दुपारी बाराच्या सुमारास माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत तुरीच्या शेंगा. सुटी होती म्हणून मी घरी होते. दार उघडल्यावर मी तिच्या मागं जिन्यात पाहिलं. कोणी नव्हतं.

"कोणासंग आलीस?" मी विचारलं.

"कोणासंगच नाई. बसली अन् आली."

पाणी पिऊन झाल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि आतलं तिकीट काढून माझ्यासमोर धरलं. "हे कंडक्टरले वापस द्या लागते का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नसावं. तिनं तिकीट पुन्हा पदरात बांधून ठेवलं.

आमच्या गावात सून होऊन ती आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. आमच्या घराण्यात सुना बाहेर निघत नसत. का, ते कोणी सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. मोठ्या घराची बाई रस्त्यावर दिसत नाही, एवढंच. पाणी परसातल्या विहिरीचं होतं, त्यामुळे पाण्यासाठीही बाहेर जायची गरज नव्हती. माहेरी जायचं असलं की दाराशी दमणी लागे. दोन्ही बाजूंनी पडदे सोडलेली ती हलकी बैलगाडी मला आठवते. मी आईच्या मांडीवर बसून पडद्याच्या फटीतून पाहायची, तर बैलाची पाठ आणि रस्त्याची धूळ तेवढी दिसायची. मी पडदा जास्त सरकवला की आई माझा हात मागं ओढायची.

शेत घरापासून पंधरा मिनिटांवर होतं. दिवाळीनंतर कापूस घरी यायचा, आतली एक खोली छतापर्यंत भरायची, आणि आई त्यातली पानं-काड्या निवडत बसायची. कापूस तिनं जन्मभर हाताळला, पण झाडाला लागलेला कापूस लग्नानंतर कितीतरी वर्षं तिनं पाहिला नव्हता. हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, पाहिला असेलच.

घरावर राज्य आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं होतं. ओसरीवर दाराजवळ बाज टाकून ती दिवसभर बसायची. कोणावर ओरडलेली मला आठवत नाही. तिला ओरडायची गरजच पडायची नाही. वडीलही वाईट नव्हते. बाजारातून आईसाठी बांगड्या आणायचे, तिला बरं नसलं की वैद्याला घरी बोलवायचे. पण तुला बाहेर यायचं आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारावंसं त्यांना वाटलंच नाही.

आजी गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि यवतमाळला शिकत होते. आता घरात आईच्या वरची बाई कोणी नव्हती. मला वाटलं, आता आई निघेल. ती निघाली नाही. पुढची वीस वर्षं ती तशीच आत राहिली. एकदा मी चिडून म्हटलं, "आता कोण आहे तुला अडवायला?"

ती भाकरी थापत होती. "पाय उचलत नाई ना बाई," ती म्हणाली. "उंबऱ्यापाशी गेली का जड होते."

मग वडील गेले. दिवस झाल्यावर पुण्याचा भाऊ तिला न्यायला तयार होता, पण ती नाही म्हणाली. तीनचार महिन्यांनी आमची शेती बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करणारा माणूस बोंडअळीचं सांगायला आला, तेव्हा तिनं त्याला विचारलं, "वावर कोण्या आंगानं हाय?" त्याला वाटलं, काकू थट्टा करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या बायकोसोबत शेतात गेली. बाहेर घालायला तिला स्वतःची चप्पल नव्हती, म्हणून वडिलांची घातली. संध्याकाळी आली ती पायाला फोड घेऊन. मी रविवारी गेले तेव्हा फोडांना हळद लावून ती अंगणात बसली होती.

"एवढं मोठं हाय आपलं वावर," ती म्हणाली. "तुह्या बापानं सांगतलं नाई कधी."

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं ती माझ्या दारात तुरीच्या शेंगा घेऊन आली.

पुढची पंधरा-सोळा वर्षं तिची होती. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. सुट्या लागल्या की आजी आणि नात पिशवीत चिवडा भरून निघायच्या. कळंबला गेल्या, वणीला गेल्या, नेरला काही काम नसताना तीनदा गेल्या. पुष्कळदा त्या गाडीतून उतरायच्याही नाहीत. गाडी शेवटच्या थांब्यावर गेली की तीच गाडी परत फिरेपर्यंत खिडकीशी बसून राहायच्या. एका कंडक्टरनं मला ओळखून हे सांगितलं. म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईले आमी विचारतो, कुठं जाची? त म्हनते, गाडी जाईन तिथं."

राजूरला जायचा हट्ट तिचा होता. कोळसा कुठून निघतो ते तिला पाहायचं होतं. खाणीत कोण जाऊ देणार, पण रस्त्यावर ट्रक उभे होते. ती एका ड्रायव्हरशी बोलत उभी राहिली. जमिनीच्या पोटात किती खोल जाता, तिथं उजेड असतो का, भीती वाटते का, असं सगळं तिनं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, आपण खाली जात नाही, आपण फक्त वाहतो. परत येताना ती नातीला म्हणाली, "खाली जानारा भेटला पाह्यजे होता." दोघींचे चेहरे आणि कपडे काळे होऊन आले होते. मी रागावले. त्या दोघी एकमेकींकडे पाहून हसत होत्या.

माझे पती गेले ते याच वर्षांत. तेव्हा आई तीन महिने माझ्याकडे राहिली. तिनं मला काही समजावलं नाही. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की म्हणायची, "चाल, चक्कर मारून येऊ." मी नाही म्हटलं तरी चप्पल माझ्या पायाशी आणून ठेवायची.

मग ती विसरू लागली. आधी नावं, मग भाजीत मीठ, मग वार. एक्याऐंशीव्या वर्षी, एका मंगळवारी दुपारी, मला नेरहून फोन आला. स्टँडवर पेरू विकणारी एक बाई बोलत होती. "आजी सकाळपासून बसून हाय. कुठं जाचं ते सांगत नाई. पिशवीत तुमचा नंबर सापडला." मी पोचले तेव्हा आई बाकावर पेरू खात बसली होती. मला पाहून तिला आनंद झाला, पण मी कोण ते तिला लगेच आठवलं नाही. तिनं मला बसायला जागा करून दिली.

तिला मी माझ्या फ्लॅटवर आणलं. पहिला मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत होती. भावाचा फोन आला. "तू आहेस म्हणून बरं आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, निदान दोन महिने तरी ने, तर म्हणाला की आमचा नववा मजला, आम्ही दोघं कामावर, तिला तिथं कसं जमेल. त्याचं खोटं नव्हतं. मीही कामावर होते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी होती, साडेदहाला मशीनवर अंगठा लावायचा, साडेपाचला पुन्हा लावायचा. निवृत्तीला तेरा महिने उरले होते.

आईजवळ बसायला एक बाई ठेवली. ती दीड महिना टिकली. दुसरी आठ दिवसांत गेली. आई दोघींनाही म्हणायची की आता तुम्ही घरी जा, आणि स्वतः निघायची. एका दुपारी दुसऱ्या बाईचा डोळा लागला आणि आई निघून गेली. आर्णी रोडवर सापडली. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि एक ट्रक तिच्यापुढं तिरपा होऊन थांबलेला. ड्रायव्हर खाली उतरून कठड्याला धरून उभा होता. आई त्याला विचारत होती, "कुठं चालली गाडी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरून टेबलावर ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, गॅसचा रेग्युलेटर काढला, आणि बाहेर येऊन दाराला कडी लावली. कुलूप नाही लावलं. काही झालंच तर शेजारच्या वहिनींना उघडता यावं, म्हणून नुसती कडी. त्यांना तसं सांगूनही ठेवलं.

दोन पायऱ्या उतरले आणि आतून आवाज आला. ती दार वाजवत होती. जोरात नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण वाजवतो तसं, दोनदा. मग थोडं थांबून पुन्हा दोनदा. मी जिन्यात कठडा धरून उभी राहिले. मग घड्याळ पाहिलं आणि गेले.

त्या दिवशी ग्रंथालयात मी पुस्तकं चुकीच्या कपाटात लावली. पण संध्याकाळी आले तर ती शांत बसली होती, डबाही खाल्लेला होता. मला वाटलं, जमेल. तेरा महिनेच तर आहेत.

पहिला आठवडाभर ती दार वाजवत राहिली. मग थांबली. खिडकीच्या जाळीला धरून उभी राहू लागली. समोरच्या इमारतीतल्या बाया कपडे वाळत घालताना तिला हाका मारायच्या, ती हात हलवायची. नंतर तेही कमी झालं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की तिनं डोक्यावरून पदर घेतला आहे. वडील गेल्यापासून तिनं डोक्यावर पदर घेतला नव्हता. आता ती घरातही घेऊ लागली, माझ्यासमोरही. मी खोलीत आले की उठून उभी राहायची.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी साडेपाचनंतर आले, कडी काढली, पर्स ठेवली. आई भिंतीशी उभी होती. ती खाली पाहून म्हणाली, "आत्याबाई, पोरीचा हात मोडला म्हनते. शाळेतून सांगावा आला. जाऊ का मी? लगेच वापस येतो."

मला पहिल्या क्षणी काहीच कळलं नाही. मग कळलं की ती आपल्या सासूशी बोलते आहे. आणि ती पोरगी मी आहे.

मी नऊ वर्षांची असताना शाळेच्या पायऱ्यांवरून पडले होते. डावं मनगट मोडलं होतं. शाळा घरापासून तीन मिनिटांवर. गुरुजींनी घरी निरोप पाठवला. मी व्हरांड्यात मनगट पोटाशी धरून पडून राहिले आणि रस्त्याकडे पाहत राहिले. आई आली नाही. दोन तासांनी वडील शेतातून आले आणि मला गाडीत घालून घेऊन गेले. घरी आल्यावर आईनं मला जवळ घेतलं, तर मी तिला ढकललं. "मी दारापाशी आली होती," ती म्हणाली. तेव्हा आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मी तिला मनातल्या मनात हेच ऐकवत आले होते, की तू दारापर्यंतच आलीस.

त्या दिवशी तिनं आजीला विचारलं होतं, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. आणि जिला विचारलं होतं, तिच्या जागी आता मी उभी होते. माझ्या बोटांना अजून कडीचा गंज लागलेला होता.

"जा," मी म्हणाले.

तिनं वर पाहिलं. तिचा विश्वास बसला नसावा. मी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. मी तिच्या मागं दहा-बारा पावलांवर. कॉलनीच्या टोकाला नगरपालिकेची शाळा आहे. तिनं वाटेत दोघांना विचारलं, शाळा कुठं? लोक माझ्याकडे पाहायचे, मी मान हलवायची, मग ते दाखवायचे. शाळा सुटून गेली होती. फाटक बंद होतं. ती फाटकाच्या गजांमधून आत पाहत उभी राहिली. बराच वेळ. मी जवळ गेले आणि म्हटलं, "आई."

ती वळली. तिनं माझा डावा हात हातात घेतला, मनगट दाबून पाहिलं. "दुखते का?" तिनं विचारलं.

"नाही. आता नाही दुखत."

"मी आली ना," ती म्हणाली.

आम्ही घरी आलो. ती जेवली आणि झोपली. इथं हे संपलं असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचं होतं. माझी रजा संपलेली होती. मी डबा भरला, बाटली भरली, रेग्युलेटर काढला, आणि बाहेरून कडी लावली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रोज लावली.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघी आत राहू लागलो. लोक म्हणायचे, आता काळजी नाही. तिला एकटीला सोडता येत नव्हतं म्हणून मीही कुठं जात नव्हते. भाजी खालून दोरीच्या पिशवीनं वर ओढायची. लग्नाचं आमंत्रण आलं की फोनवरच अक्षता. ती पोळ्या उशीखाली लपवायची, तिथं मुंग्या लागायच्या. एकच प्रश्न ती दिवसातून पन्नास वेळा विचारायची, आणि एकावन्नाव्या वेळी मी ओरडायची. एकदा तिनं दूध सांडलं तेव्हा मी तिच्या हातावर फटका मारला. तिनं हात पदराखाली घेतला. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. माझी दया यायची मला, तिची नाही. खरं तेच लिहिते आहे.

सुट्यांमध्ये मुलगी नागपूरहून यायची तेव्हा घर बदलायचं. ती आजीची वेणी घालायची, तिच्याशी अगदी तिच्याच बोलीत बोलायची. एकदा म्हणाली, "मम्मी, मी आजीला कळंबला नेऊन आणते." मी नको म्हणाले. हरवली तर?

"हरवेल कशी? मी आहे ना सोबत."

मीही मग गेले त्यांच्यासोबत. आई खिडकीशी बसली. कंडक्टर आला तेव्हा ती पदराची गाठ शोधू लागली. तो म्हणाला, "आजी, तुमाले आता फुकट हाय."

"काहून?"

"वय झालं ना तुमचं."

आई नाराज झाली. "मले तिकीट पाह्यजे," ती म्हणाली. कंडक्टरनं शून्य रकमेचं तिकीट फाडून दिलं. ते हातात आल्यावर ती निवांत झाली आणि परत येईपर्यंत एकदाही तिनं काही विचारलं नाही. त्या दोन तासांत मी दोनदा झोपले.

शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. पाच आठवडे. चमच्यानं पाणी घ्यायची. कूस मी बदलून द्यायची. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. एका दुपारी तीनच्या सुमारास, पाठीला लावायचं मलम संपलं म्हणून मी खाली औषधाच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी होती. वीसेक मिनिटं लागली. वर आले आणि दार ढकलायला गेले, तर दार उघडेना. बाहेरून कडी लावलेली होती. मीच लावली होती. जी बाई उठून बसू शकत नव्हती, तिच्यावर मी कडी लावून गेले होते. हाताला सवय होती. मला लावल्याचं आठवतही नव्हतं.

आत गेले तेव्हा ती गेलेली होती. तोंड दाराच्या बाजूला होतं. मी निघताना ते भिंतीकडे होतं की दाराकडे, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. आठवत नाही.

तिला गावी नेलं. आमच्या भावकीतल्या सुना आता शाळेत शिकवतात, स्कूटी चालवतात. त्या सगळ्या आल्या होत्या. माझी मुलगी आणि मी स्मशानापर्यंत गेलो, कोणी अडवलं नाही. भाऊ पुण्याहून संध्याकाळी पोचला. खूप रडला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता तू मोकळी झालीस." हे म्हणणारा तो त्या दिवशीचा चौथा-पाचवा माणूस होता. मी हो म्हणाले.

दहाव्याच्या दिवशी मी मुलीला कडीचं सांगितलं. ती आता नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, माणसं जाताना तिनं पाहिली आहेत. ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले.

"किती वेळ होतीस बाहेर?"

"वीस मिनिटं."

"मग तिला कळलंही नसेल, मम्मी. शेवटी शेवटी त्यांना काही ऐकू येत नाही."

"तिला कडीचा आवाज यायचा," मी म्हणाले. "झोपेत असली तरी डोळे उघडायची."

तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी मला एकदा म्हणाली होती, तुही माय लय थकते, तिले घेऊन जात जाय कुठं." हे आई कधी म्हणाली, तेव्हा ती कोणत्या मनःस्थितीत होती, मला कोण समजत होती, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मुलीनं सांगितलं असतं.

ती मला नागपूरला बोलावते. तिला खोली मिळाली आहे, दोघींना पुरेल एवढी. यवतमाळहून गाड्या तासातासाला आहेत. मी पुढच्या आठवड्यात येते म्हणते. गेले चार महिने मी पुढच्या आठवड्यात म्हणते आहे. बॅग भरून ठेवलेली आहे. परवा तिच्यातल्या दोन साड्या मी नेसायला काढल्या, कारण बाकीच्या धुवायच्या राहिल्या होत्या.